विहिरीचे म्हणून दिलेले पाणी

मी, त्रिशला बाळगोंडा मगदूम, वय तेहतीस, अविवाहित, पाणी तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत वरिष्ठ विश्लेषक, राहणार अनगोळ, बेळगाव, मूळ गाव निपाणीपासून सात किलोमीटरवर, आज शनिवार दि. १८ जानेवारी २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या चोवीस तासांत मी गुंगी आणणारे कोणतेही औषध घेतलेले नाही. कोणी सांगितले म्हणून मी हे लिहीत नाही. उलट एकदोघांनी लिहू नको असे सांगितले. याआधी मी एक मसुदा केला होता. तो मी फाडला आहे. का फाडला ते पुढे येईल.

लिहिण्याचे कारण असे. लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आखडली आहे. ती बदलण्याची शस्त्रक्रिया गुरुवार दि. २३ रोजी ठरली आहे. धोका शंभरात दोन ते तीन असा डॉक्टरांनी सांगितला. माझ्या कामात शंभरात दोन हा आकडा सोडून देता येत नाही.

दस्त मराठीत आहे. कचेरीसाठी कन्नड भाषांतर जोडावे लागेल. दोहोंत फरक आढळल्यास मराठी खरे मानावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा थोरला भाऊ सन्मती बाळगोंडा मगदूम याने करावी. तो गावी शेती करतो. आमचे आईवडील हयात नाहीत.

कलम २. अनगोळमधील तिसऱ्या मजल्यावरील सदनिका माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. तिचा हक्क माझी आत्या आक्काताई, वय एकोणऐंशी, हिला तिच्या हयातीपर्यंत राहील. आम्ही तिला आत्ती म्हणतो. तिच्या पश्चात सदनिका सन्मतीच्या मुलीला, स्वरूपाला मिळावी. आत्ती हयात असेपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात सूर्य मावळल्यावर चूल पेटवू नये आणि कंदमुळे आणू नयेत. राहायला येणाऱ्याला हे अवघड वाटत असेल तर त्याने दुसरीकडे राहावे.

या नियमाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण वाचणाऱ्याला ते म्हातारीचे सोवळे वाटेल. आत्ती बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. मी नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आम्हा दोघांना तिने वाढवले. आम्ही जैन, शेतकरी. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होऊन भांडी पालथी पडत. गल्लीतल्या इतर घरांत तेव्हा भाकऱ्या चालू व्हायच्या, बायका रात्री नऊपर्यंत चुलीपाशी असायच्या. आमची आत्ती साडेसहाला मोकळी. ती ओट्यावर बसायची आणि मला पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला बारापर्यंतच येत होते. तेराच्या पुढे ती पुस्तक उलटे धरून नुसती मान हलवायची. मी चुकले तर तिला कळायचे नाही, पण मी थांबले तर कळायचे. मी एम.एस्सी. झाले ती या साडेसहाच्या मोकळ्या वेळेमुळे. देवाने मला काय दिले ते मला सांगता येणार नाही. त्या नियमाने काय दिले ते सांगता येते, रोजचे अडीच तास.

कलम ३. गावच्या घरातील माझा हिस्सा सन्मतीला देते. शेतीतील हिस्सा मी पूर्वीच सोडलेला आहे.

सन्मतीशी मी दोन वर्षे नीट बोलले नाही हे सर्वांना माहीत आहे. कारण हे की जून २०२२ मध्ये आत्तीचे खुब्याचे हाड मोडून ती दवाखान्यात होती, तेव्हा त्याने परसातली विहीर बुजवली. तिथे आता ट्रॅक्टरची शेड आहे. ज्या विहिरीचे पाणी तिने पंचावन्न वर्षे गाळून प्यायले ती तिला न दाखवता बुजवली म्हणून मी त्याला चारचौघांत बोलले. जे बोलले ते इथे परत लिहीत नाही. एवढे मात्र नोंदवते की दवाखान्यात येऊन, तिच्या खाटेशेजारी उभे राहून, त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगितले, "आत्ती, हीर मुजवली." ती त्या दिवशी जेवली नाही, आणि तो खाली मान घालून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. मी जे केले ते मी सांगितले नव्हते. म्हणून सन्मतीवरचा माझा राग मी या कलमाने मागे घेते.

कलम ४. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँकेतील ठेवी यांवर नामनिर्देशन आत्तीचे आहे. ते तसेच राहील. कागद लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फाईलमध्ये आहेत.

कलम ५. माझ्या स्वतःच्या मालकीची उपकरणे, म्हणजे पाण्याची आम्लता मोजण्याचे एक यंत्र, विद्राव्य क्षार मोजण्याचे एक यंत्र आणि काचेच्या दोन मोजनळ्या, माझी सहकारी राणी हिला द्यावीत. सूचना: प्रत्येक वापराआधी प्रमाणित द्रावणाने तपासून घेणे. कालचे बरोबर होते म्हणून आजचे बरोबर असेल असे धरू नये. राणी हुशार आहे पण घाई करते. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळल्याशिवाय भरायची नाही, हे तिला मी शंभर वेळा सांगितले आहे. आता एकशे एक झाले.

कलम ६. पुढील वस्तू माझ्या घरात असल्या तरी माझ्या नाहीत. माझ्या मालमत्तेत त्या धरू नयेत. त्या आत्तीच्या आहेत: एक पितळी कळशी, बारा लिटरची. एक जाड सुती गाळणे, छत्तीस अंगुळे लांब, चोवीस रुंद. एक तांब्याची लोटी, सव्वा लिटरची. एक छोटी बादली, जिच्या तळालाही कडी आहे.

बादलीचे काम सांगते, नाहीतर कोणी तरी ती रंग कालवायला नेईल. आत्ती विहिरीचेच पाणी पिते, तसा तिचा नियम आहे. पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायचे. मग गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने विसळायचे. त्या विसळलेल्या पाण्याला आम्ही जिवाणी म्हणतो, कारण गाळण्यावर अडकलेले बारीक जीव त्यात असतात. ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही. बादली दोरीने पाण्यापर्यंत न्यायची. पाण्याला टेकली की तळाच्या कडीमुळे ती आपोआप कलंडते. जिवांना उंचावरून पडायला लागू नये म्हणून ही सोय. गाळलेले पाणी नंतर उकळायचे, मगच प्यायचे.

लहानपणी मी विचारले होते की एवढ्या बारीक जिवांना आपली विहीर कोणती ते कळते का. आत्ती म्हणाली होती, "त्यांस्नी कळंना का. आपल्याला कळतंय न्हवं?"

बाटली तीनदा विसळण्याची शिस्त मला प्रयोगशाळेत शिकवावी लागली नाही. त्याच पाण्याने, त्याच भांड्यात, न सांडता. ती मी सातव्या वर्षी शिकून आले होते.

कलम ७. माझे कृत्य.

जून २०२२ मध्ये आत्तीला मी बेळगावला आणले. तिची अट एकच होती, पाणी विहिरीचेच हवे. दोन गल्ल्या पलीकडे मारुतीराव कंग्राळकर आणि त्यांच्या पत्नी जयाबाई यांच्या परसात विहीर आहे. मारुतीराव सरकारी बसवर चालक होते, आता निवृत्त. त्यांनी पाणी न्यायला लगेच हो म्हटले. म्हातारीच्या पाण्यात पाला पडू नये म्हणून त्यांनी आपणहून विहिरीवर जाळी बसवली आणि जयाबाईंनी धुण्याचा दगड विहिरीपासून लांब सरकवला. मी रोज सकाळी एक कळशी आणत असे आणि कामावर जाताना जिवाणीची लोटी त्या विहिरीत सोडून पुढे जात असे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत.

सोमवार दि. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी मला उशीर झाला होता. आत्ती सामायिकाला बसली होती. सामायिक म्हणजे डोळे मिटून, काहीही न करता, अठ्ठेचाळीस मिनिटे बसणे. मी बाहेरचे दार उघडून बंद केले आणि कळशी स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या नळाखाली लावली. यंत्राचा वेग तासाला पंधरा लिटर. अठ्ठेचाळीस मिनिटांत बरोबर बारा लिटर होतात. या हिशोबाची मला त्या दिवशी गंमत वाटली होती, हेही नोंदवते.

आत्तीने ते पाणी गाळले. गाळणे विसळले, लोटी माझ्या हातात दिली. मी ती जिन्याखालच्या गटारात ओतली. दुसऱ्या दिवशी उशीर झाला नव्हता. तरी तसेच केले.

जयाबाईंनी रस्त्यात विचारले तेव्हा आत्ती गावी गेली असे मी सांगितले. खुब्यामुळे आत्ती खाली उतरत नव्हती, त्यामुळे हे दुसरे खोटेही टिकले.

दि. २५ नोव्हेंबरचा एक अहवाल माझ्या टेबलाच्या खणात आहे. मारुतीरावांच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला सत्तेचाळीस मिलिग्रॅम, मर्यादा पंचेचाळीस. हा अहवाल कोणाला सापडला तर मी आत्तीच्या तब्येतीसाठी पाणी बदलले असे वाटेल. तसे नाही. अहवालाची तारीख पहिल्या खोट्याच्या अकरा दिवसांनंतरची आहे. नमुना मी कारण शोधायला घेतला होता. शिवाय आमच्या पद्धतीत तीनपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, म्हणजे सत्तेचाळीस हा आकडा काहीच सिद्ध करत नाही. ग्राहकाला मी असल्या आकड्यावर विहीर बंद करायला सांगितली असती तर माझी नोकरी गेली असती.

माझ्या झडपेचेही कारण देता येणार नाही. चौपन्न पायऱ्यांना मला धाप लागत होती हे खरे आहे. पण ती कशाने लागते हे मला गेल्या ऑक्टोबरात कळले. तेव्हा मी फक्त कंटाळले होते.

एकदा आत्ती घोट घेऊन म्हणाली, "ह्या हिरीचं पाणी गोड झालंय गं. मारुतीरावास्नी सांग, म्हणावं जाळी बसवल्याचं पुण्य लागलं." मी सांगते म्हणाले.

दशलक्षण पर्व संपले की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. जाणता-अजाणता काही दुखावले असेल तर, असे शब्द आहेत. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे मी आत्तीच्या पाया पडून हे शब्द म्हटले, आणि तिने हात जोडून तेच शब्द मला म्हटले. 'अजाणता'वर मी आवाज थोडा मोठा करत असे.

पहिल्या मसुद्यात हे सगळे या कलमापर्यंत लिहून मी वकील युवराज होनगेकर यांना दाखवले होते. माझ्या मरणानंतर आत्तीला हे वाचून दाखवावे असे त्यात होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले की आत्तीला नीट ऐकू येते का. येते, असे मी म्हणाले. "म्हणजे तुम्ही गेल्यावर म्हातारीच्या हातात उत्तर देणार," ते म्हणाले, "आणि प्रश्न विचारायला तुम्ही नसणार. बरं जमवलासा, मॅडम." मी मसुदा त्यांच्याच टेबलावर फाडला.

कलम ८. त्यानंतर काय झाले.

रविवार दि. ५ जानेवारी २०२५ रोजी आत्तीचे सामायिक संपल्यावर मी कळशी तिच्यासमोर रिकामी ठेवली. ती गाळण्याची घडी घालत होती.

मी म्हणाले, "आत्ती, मी आणत होते ते पाणी हिरीचं न्हाई."

"आज न्हाई?"

"दोन वर्षं न्हाई. नळाचं. यंत्रातनं काढलेलं."

तिने घडी पुरी घातली. कडांना कडा जुळवल्या. मग म्हणाली, "मग दोन वरसं मी गाळलं ते काय गं?"

"काही न्हाई. त्या पाण्यात काही नसतंय."

"आणि जिवाणी?"

"जिन्याखालच्या गटारात."

"म्हणजे ती रिकामीच हुती म्हणतीस."

"व्हय."

मला वाटले होते की तिचा नियम मोडला, शुद्धी गेली, असे काही ती म्हणेल. त्याची उत्तरे माझ्याकडे तयार होती. यंत्रातले पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा किती स्वच्छ असते ते मी आकड्यांनी दाखवू शकले असते. ती म्हणाली, "रोज जेवायला बसायच्या आधी मी मनात म्हणायची, आता पोचली असतील घरी. मग घास घ्यायची."

मी तिला अधिक स्वच्छ पाणी दिले आणि तिच्या दिवसातली ती एक गोष्ट काढून घेतली, जिच्यावर तिचा पहिला घास टेकलेला होता. दोन वर्षे ती कोणालाही घरी पोचवत नव्हती. ते तिला माहीत नव्हते, मला होते.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी दाराशी उभी राहिले तेव्हा तिने स्पष्ट सांगितले, "तुझ्यावर रागावून न्हाई. माझा नियम मोडलाय. त्याचं माझं मला बघू दे." संध्याकाळी तिने मला जेवलीस का म्हणून विचारले. मी नाही म्हटल्यावर तिने दिवस अजून वर आहे तोवर खाऊन घ्यायला सांगितले. सहाला पाच मिनिटे कमी असताना मी तिच्यासमोर बसून दहीभात खाल्ला.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, "हिरीकडं ने." चौपन्न पायऱ्या उतरायला तिला पंचवीस मिनिटे लागली. प्रत्येक वळणावर ती बसली. माझा हात तिने धरला, पण लोटी आणि बादली माझ्याकडे दिली नाही, काखेत घेतली.

जयाबाई परसात भांडी घासत होत्या. आत्तीला बघून त्या हात तसेच राखेचे घेऊन उठल्या. "अगो बाई, आत्ती. गावास्नं कवा आलासा?"

आत्ती खोटे बोलत नाही. गरजेलाही नाही, दुसऱ्याला वाचवायलाही नाही. ती म्हणाली, "मी कुटं गेलते? हितंच हाय." आणि माझ्याकडे न बघता विहिरीच्या कठड्यावर बसली.

जयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मारुतीरावही चहाची बशी हातात घेऊन दारात आले होते. मी दोघांना सगळे सांगितले. तारखेसकट. मारुतीरावांनी चहा संपवला, मगच बोलले.

"दुधात पाणी घालणारी लई बघितली," ते म्हणाले, "पाण्यात पाणी घालणारी तुम्हीच."

जयाबाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितले. पण त्याही पुढे म्हणाल्या की दगड लांब सरकवल्यापासून त्यांची कंबर धरते, आणि म्हातारी गावी गेली तरी परत येईल म्हणून त्यांनी तो मूळ जागी आणला नव्हता. दोन वर्षे. हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागले.

आत्तीने मला विचारले, "किती दिस झालं?"

"सातशे एक्क्याऐंशी. अनंत चतुर्दशीचं दोन निर्जळी उपास वजा करून."

"उपास बी वजा केलास."

"व्हय."

"मग तेवढं दिस आण."

मी शस्त्रक्रियेची आठवण दिली. आताही जड उचलायला मनाई आहे, नंतर तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलता येणार नाही. तिने लोटी काखेतून काढून माझ्या हातात दिली. "ही भरून आण. दिस मोजायचा, पाणी न्हाई. वरचं कोण बी आणूदे."

मग मी जे विचारले ते मी सहसा कोणाला विचारत नाही. क्षमा केलीस का, असे विचारले.

ती म्हणाली, "क्षमा कालच केली. ती करायचीच असती, नियम हाय. पाणी राहिलंय, त्याचं काय?"

कलम ९. अंत्यविधी. माझ्या मृत्यूनंतर आमच्या रीतीप्रमाणे, शक्य तितक्या लवकर आणि दिवसाउजेडी दहन करावे. णमोकार मंत्र आत्तीने म्हणावा. ती नसेल तर सन्मतीने म्हणावा, पण त्याने घाई करू नये.

वकिलांनी या कलमासाठी माझी श्रद्धा विचारली. मी जे मोजता येते ते मानते, असे त्यांना सांगितले आणि त्यांनी तसे लिहून घेतले. घरी आल्यावर ते मला अपुरे वाटले. मी मंदिरात क्वचित जाते. पण चालताना खाली बघून पाऊल टाकते, पानातले टाकत नाही, आणि नमुन्यात जे आढळले नाही ते 'नाही' असे न लिहिता 'आढळले नाही' असे लिहिते. आमचा धर्म शिकवतो की कोणत्याही गोष्टीचे सगळे एकाच बाजूने दिसत नसते. हे सगळे मी आत्तीकडून घेतले. घेताना ते धर्म म्हणून घेतले नाही, सवय म्हणून घेतले. सवय म्हणून घेतल्यामुळे जिथे कोणी बघत नव्हते तिथे ते सुटले. आत्तीचे डोळे मिटलेले असताना ती तसूभर हलत नाही. मी तेवढ्या वेळात कळशी भरली.

कलम १०. मारुतीराव कंग्राळकर यांच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी राणीने दरवर्षी पावसाळ्यानंतर करावी आणि अहवाल मराठीत, वाचता येईल असा द्यावा. दि. ८ रोजी मी स्वतः तपासले, नायट्रेट एकोणचाळीस आहे. पाणी पिण्यालायक आहे. जयाबाईंसाठी दुसरा धुण्याचा दगड, कंबरेइतक्या उंचीच्या ओट्यावर, माझ्या ठेवींतून बसवून द्यावा. याबद्दल त्यांना विचारू नये, त्या नको म्हणतील.

कलम ११. सातशे एक्क्याऐंशी दिवस.

मंगळवार दि. ७ पासून मी रोज सकाळी विहिरीवर जाते. लोटी भरून चौपन्न पायऱ्या चढते, मध्ये तीन वेळा बसून. मागून मारुतीराव कळशी घेऊन येतात आणि प्रत्येक वळणावर काहीतरी बोलतात. परवा म्हणाले, "ताई, आज खरं पाणी हाय न्हवं? न्हाईतर मी उगंच चढतोय." आत्ती गाळते, गाळणे विसळते, लोटी माझ्या हातात देते. मी विहिरीवर जाऊन जिवाणीची बादली पाण्यापर्यंत सोडते, कलंडेपर्यंत थांबते, आणि परत येईपर्यंत आत्ती ताटावर बसत नाही. परत आल्यावर ती मला काही विचारत नाही. पूर्वीही विचारत नसे.

हे काम मला माझ्या पश्चात कोणाच्या तरी नावे करायचे होते. सन्मती फोनवर म्हणाला की तो रोज निपाणीहून येईल. राणी म्हणाली, मी आणते. मारुतीराव तर आणतच आहेत. आत्तीने तिघांनाही पाणी आणायला हो म्हटले आणि दिवस धरायला नाही म्हटले. "त्यांचं पाणी त्यांचं. हिचं हिनं आणायचं." मी विचारले की मी शस्त्रक्रियेतून उठलेच नाही तर त्या दिवसांचे काय. ती तेव्हा पोळीला तूप लावत होती. म्हणाली, "ते मला कशाला सांगतीस? तुझं तुला बघायचं हाय."

होनगेकर वकिलांचे म्हणणे असे की जी गोष्ट दुसऱ्याला देता येत नाही तिला मृत्युपत्रात जागा नसते, म्हणून हे कलम काढावे. त्यांचे बरोबर आहे. मी ते काढत नाही.

सदनिका, हिस्सा, ठेवी, उपकरणे हे सगळे मी वर दिले आहे. उरलेले दिवस मी कोणालाही देत नाही, कारण ते घ्यायला कोणी नाही. खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही. तरी या दस्तात एक वाक्य तसे लिहिते. दवाखान्यातून सुटले की दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला जाईन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. एकही ओळ खोडलेली नाही. आत्तीला तो आज दुपारी वाचून दाखवला आहे. तिने 'तसूभर' या शब्दाला हरकत घेतली. एकदा डास चावला तेव्हा ती हलली होती, असे तिचे म्हणणे आहे. तिच्या सांगण्यावरून ती नोंद येथे केली.

लिहून देणार:
(सही) त्रिशला बाळगोंडा मगदूम

आम्हा दोघांच्या देखत त्रिशला यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केली. या दस्तातून आम्हांला काही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) युवराज होनगेकर, वकील, खडेबाजार, बेळगाव

साक्षीदार २: (सही) राजमती उपाध्ये, निवृत्त शिक्षिका, दुसरा मजला, अनगोळ
(मारुतीराव कंग्राळकर सही करायला आले होते. कलम १० मुळे त्यांची सही घेतली नाही. त्यांनी कारण विचारले, ते सांगितलेले नाही.)

ठिकाण: बेळगाव
दिनांक: १८ जानेवारी २०२५, दुपारी साडेचार